आमदाराचा पगार आणि डिझेलचं खातं

प्रश्न असा आहे: "आमदार-खासदारांना लाखांत पगार आणि वर जन्मभर पेन्शन कशासाठी? सेवाच करायची तर फुकट करावी. ही मंडळी घरादाराच्या त्यागाच्या गोष्टी सांगतात, त्यात खरं किती? माझा धाकटा भाऊ खासगी नोकरी सोडून जिल्हा परिषद लढवायची म्हणतोय, म्हणून मुद्दाम विचारतो."

मी बावीस वर्षं आमदारांचा स्वीय सहायक म्हणून काम केलं. आधी एका साहेबांकडे, ते पडल्यावर काही वर्षांनी दुसऱ्यांकडे. दोघांचे पक्ष वेगळे, स्वभाव वेगळे, मतदारसंघ मात्र दोन्ही ग्रामीण. नावं सांगणार नाही, त्यांची गरजही नाही. पगाराची स्लिप माझ्या हातून जायची, खर्चाची वही मी लिहायचो आणि घरात स्वयंपाकघरापर्यंत माझा वावर होता. त्यामुळे जे सांगतोय ते पाहिलेलं आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: पगार द्यायला हवा, आणि तो भरपूर द्यायला हवा. पेन्शनची आजची पद्धत मला पटत नाही. त्याग खरा असतो, पण तो बहुतेक वेळा भाषण करणाऱ्याचा नसतो.

आधी आकडे बघू, कारण यावर बोलणाऱ्या दहातल्या नऊ जणांना ते माहीत नसतात. महाराष्ट्रात 2016 साली आमदारांच्या वेतनात मोठी वाढ झाली आणि त्यांचं मूळ वेतन राज्याच्या प्रधान सचिवाच्या वेतनाशी जोडलं गेलं. सातव्या वेतन आयोगानंतर हे मूळ वेतन 1,82,200 रुपये झालं. त्यावर महागाई भत्ता, शिवाय टेलिफोनचे 8,000, टपाल-लेखनसामग्रीचे 10,000 आणि संगणक चालकाचे 10,000. महागाई भत्ता 28 टक्के होता तेव्हा ही बेरीज 2 लाख 61 हजारांवर जायची. खासदारांचं मूळ वेतन 2018 मध्ये 1 लाख झालं आणि ते महागाई निर्देशांकाला जोडलं गेलं. मार्च 2025 च्या अधिसूचनेनं ते 1 एप्रिल 2023 पासून 1,24,000 धरलं गेलं. त्याशिवाय मतदारसंघ भत्ता आणि कार्यालय भत्ता वेगळा. 1954 साली कायदा झाला तेव्हा खासदाराचं वेतन महिना 400 रुपये होतं, हेही लक्षात असू द्या.

एक गैरसमज इथंच दूर करतो. आमदार निधीचे वर्षाचे 5 कोटी आमदाराच्या हातात येत नाहीत. तो कामं सुचवतो. मंजुरी, निविदा आणि बिल हे सगळं जिल्हाधिकाऱ्यांच्या यंत्रणेतून होतं. "पाच कोटी मिळतात तरी साहेबांना आमच्या मंडळाला दहा हजार देता येत नाहीत का?" हे मी शेकडो वेळा ऐकलं आहे. त्या निधीतून मंडळाला दहा रुपयेसुद्धा देता येत नाहीत.

आता हा पगार राज्याला किती जड जातो? विधानसभेत 288 आणि विधान परिषदेत 78, असे एकूण 366 सदस्य. प्रत्येकी महिना तीन लाख धरले तरी वर्षाला साधारण 132 कोटी होतात. राज्याचं 2025-26 चं बजेट सात लाख कोटींचं होतं. म्हणजे सरकारनं दहा हजार खर्च केले तर त्यातले जेमतेम दोन रुपये यांच्या पगारावर गेले. म्हणून पगार बंद केल्यानं सरकारचे पैसे वाचतील हा मुद्दा मी सोडून देतो. प्रश्न पैशाचा कमी आणि त्या पैशाच्या बदल्यात आपल्याला कसा माणूस मिळतो याचा जास्त आहे.

"फुकट सेवा" ही कल्पना ऐकायला चांगली वाटते आणि ती आपल्याकडे जुनी आहे. काँग्रेसच्या 1931 च्या कराची अधिवेशनात ठराव झाला होता की सरकारी नोकराला सर्वसाधारणपणे महिना 500 रुपयांपेक्षा जास्त पगार असू नये. 1937 मध्ये प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळं आली तेव्हा मंत्र्यांनी 500 रुपयेच घेतले. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ होतं. मंत्र्यांच्या वेतनाचं विधेयक मुंबईच्या विधानसभेत आलं तेव्हा त्यावर कडाडून टीका केली ती डॉ. आंबेडकरांनी. मंत्र्याचा पगार ठरवताना त्याची कार्यक्षमता, लोकशाहीची गरज आणि कारभाराची शुद्धता बघावी लागते, अशी त्यांची मांडणी होती. मला यातला लोकशाहीचा मुद्दा सगळ्यात मोलाचा वाटतो. ज्याच्या घरी आधीच पैसा आहे त्यालाच कमी पगारात पद परवडतं. मग गरिबाच्या पोरानं काय करायचं?

इंग्लंडमध्येही हेच झालं. तिथं खासदारांना वेतन मिळू लागलं ते 1911 साली, वर्षाला 400 पौंड. तोवर मजूर वर्गातून निवडून आलेल्यांचा खर्च कामगार संघटना चालवायच्या. 1909 मध्ये न्यायालयाच्या एका निकालानं संघटनांना तो खर्च करायला बंदी झाली आणि त्या माणसांचं घर चालणंच अवघड झालं. दोन वर्षांत सरकारला पगार सुरू करावा लागला. पगाराची मागणी गरिबांनी केली होती. जमीनदारांना त्याची गरजच नव्हती.

आता वहीकडे येतो. माझ्याकडे दर मोसमाची एक लांब वही असायची. तारीख, वेळ, गाव, कुणाकडे, कशासाठी आणि शेवटच्या रकान्यात रक्कम. 2017 च्या उन्हाळ्यात या वहीत 612 लग्नपत्रिका नोंदवल्या आहेत. सगळीकडे जाणं शक्य नव्हतं; साहेब, वहिनी आणि साहेबांचे भाऊ यांनी मिळून तीनशे चाळीसच्या आसपास लग्नं केली. मोठी तिथ असली की एका दिवसात चौदा-पंधरा. कार्यालयात शिरायचं, अक्षता टाकायच्या, स्टेजवर फोटो, माईकवर दोन शब्द, जेवणाचा आग्रह हात जोडून टाळायचा आणि गाडीत बसायचं. पाकिटात बहुतेक ठिकाणी 501, जवळच्या कार्यकर्त्याकडे 1,100. लग्नाला गेलं नाही तर माणूस पाच वर्षं लक्षात ठेवतो. दहाव्याला गेलं नाही तर त्याहून जास्त. तीन तास खपून तयार केलेला तारांकित प्रश्न विधानसभेत विचारला, त्यावर मंत्र्यांनी उत्तर दिलं, गावच्या बंधाऱ्याचं काम मार्गी लागलं, तर त्याची आठवण कुणाला राहत नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. आमदाराचा वेळ कुठं जातो आणि का जातो, ते कळावं म्हणून सांगतोय.

त्या वर्षीचा महिन्याचा सरासरी खर्च मी एकदा काढला होता. दोन गाड्यांचं डिझेल आणि दुरुस्ती, कार्यालयातले पाच जण (सरकार एका पीएचे पैसे द्यायचं, उरलेले घरातून), कार्यालयाचं भाडं, आलेल्या-गेलेल्यांचा चहा आणि जेवणं, अहेर, गणेशोत्सव आणि सप्ताहाच्या वर्गण्या, क्रिकेटच्या स्पर्धेची बक्षिसं, मुंबईला इलाजासाठी नेलेल्या पेशंटच्या नातेवाइकांची राहण्याची सोय. बेरीज साडेचार लाखांच्या पुढे गेली. तेव्हा पगार भत्ते धरून पावणेदोन लाखांच्या आतबाहेर होता. म्हणजे पावणेतीन लाखांचा खड्डा, दर महिन्याला. निवडणुकीचा खर्च यात धरलेला नाही. विधानसभेच्या उमेदवाराला 2022 पासून 40 लाखांची मर्यादा आहे आणि निकालानंतर 30 दिवसांत हिशेब द्यावा लागतो.

हा खड्डा कोण भरतं? सगळी गोष्ट या एका प्रश्नावर येऊन थांबते.

माझे दुसरे साहेब निवडून आले तेव्हा स्वच्छ माणूस होते. हे मी शपथेवर सांगेन. बारा एकर बागायत, भावाचा दुकानाचा धंदा, कर्ज नाही. पहिल्या वर्षी एक ठेकेदार कार्यालयात आला. वयानं मोठा, बोलायला नम्र, सगळ्या पक्षांत ऊठबस असलेला. काही मागितलं नाही. निघताना दारात मला म्हणाला, "तालुक्याच्या पंपावर आपलं खातं आहे. साहेबांच्या गाडीचं डिझेल तिथं टाकत चला, नाव फक्त सांगायचं. साहेबांना असल्या बारीकसारीक गोष्टींत कशाला अडकवायचं?" मी साहेबांना सांगितलं. ते चिडले, फोन करून त्याला स्पष्ट नकार दिला आणि मला म्हणाले, "आपल्या गाडीत आपलंच डिझेल."

दुसऱ्या वर्षी पाऊस कमी झाला. ऊस वाळला, दुकानाचं उत्पन्न घटलं आणि भावानं एकदा सगळ्यांसमोर विचारलं की अजून किती वर्षं घरातून पैसे ओतायचे. त्याच पंधरवड्यात ड्रायव्हरनं मला पंपावरून फोन केला: आपल्या खात्याची मर्यादा संपली आहे, पंपवाला दुसऱ्या खात्यावर टाकू का विचारतोय. मी साहेबांकडे पाहिलं. ते गाडीच्या मागच्या सीटवर डोळे मिटून बसले होते. म्हणाले, "बघ काय ते." मी ड्रायव्हरला टाक म्हणून सांगितलं.

कोणत्याही फाइलवर सही नव्हती, पाकीट नव्हतं. एक टाकी डिझेल होतं. सहा महिन्यांनी त्या ठेकेदाराच्या रस्त्याचं काम निकृष्ट असल्याची तक्रार घेऊन गावकरी आले, तेव्हा साहेबांनी त्यांना चहा पाजला, "बघतो" म्हणाले आणि बघितलं नाही. तो रस्ता पहिल्याच पावसात उखडला. त्या दिवशी पंपावरचा फोन घेऊन मी "थांब" म्हणायला हवं होतं. तेवढी माझी त्यांच्याकडे पत होती. मी म्हणालो नाही, आणि हे मला अजून सलतं.

म्हणून कुणी पगाराला शिव्या घातल्या की मला वाईट वाटतं. माणूस बिघडतो तो पगार आणि खर्च यांच्यातल्या खड्ड्यात. तो खड्डा आपण सगळ्यांनी मिळून खणलेला आहे. वर्गणीचं पुस्तक घेऊन दारात उभं राहणारे आपणच, आणि त्यानं पैसे कुठून आणले म्हणून पारावर चर्चा करणारेही आपणच. पगार वाढवला की भ्रष्टाचार थांबतो, असं मी म्हणणार नाही. ज्याला खायचंच आहे तो दहा लाख पगारातही खाईल. पण ज्याला सरळ राहायचं आहे त्याला सरळ राहणं परवडलं पाहिजे, आणि आज ते परवडत नाही.

इथं हटकून गणपतराव देशमुखांचं नाव निघतं. सांगोल्यातून अकरा वेळा निवडून आलेला, एसटीनं फिरणारा माणूस. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण ते होते म्हणून सगळ्यांनी तसंच असावं, या हिशेबावर कायदा करता येत नाही. कायदा करताना साधा, मोह होणारा, घरात म्हातारे आई-वडील असलेला माणूस समोर धरावा लागतो. शिवाय सांगोल्याच्या लोकांनी त्यांना तसं राहू दिलं, याचं श्रेय त्या मतदारांनाही द्यायला हवं.

आता त्यागाबद्दल.

आमदाराचं स्वतःचं काय जातं? झोप जाते, तब्येत जाते. पन्नाशीच्या आत शुगर-बीपी नसलेला आमदार मी फार कमी पाहिला. वेळेवर जेवण नाही. पण बदल्यात त्याला मान मिळतो. गाडीचं दार उघडायला माणूस असतो, नावाची घोषणा होते, सत्कार होतात. त्याचं माप कुठंतरी भरून निघतं. घरच्यांचं निघत नाही.

वहिनी एका खासगी शाळेत गणित शिकवायच्या. साहेब निवडून आले त्या वर्षी त्यांनी बिनपगारी रजा घेतली, दुसऱ्या वर्षी राजीनामा दिला. कारण अगदी साधं होतं. सकाळी सहापासून अंगणात माणसं यायची, त्यांना चहा द्यायचा, कोण कुठून आलं, कुणाचं काय काम आहे, उपाशी तर आला नाही ना, हे बघायचं. रोज अकरा लिटर दूध लागायचं. दुधाचं कार्ड वहिनींच्या अक्षरात असायचं, तारखेसमोर लिटरचे आकडे, महिनाअखेर बेरीज. गणिताच्या बाईंचं अक्षर, सातला आडवी रेघ मारलेली. एकदा मी काही कागद मागायला आत गेलो तर त्या शेजारच्या मुलीला वर्गसमीकरणं शिकवत होत्या, ओट्याला टेकून, हातात चहाची गाळणी. बाहेरून हाक आली तशी गाळणी ठेवली आणि गेल्या. ती मुलगी बराच वेळ वही उघडी ठेवून बसली होती. साहेबांच्या सत्काराच्या भाषणांत "वहिनींची साथ" हे शब्द नेहमी यायचे. त्यांच्या सुटलेल्या पगाराचा, थांबलेल्या प्रॉव्हिडंट फंडाचा, न मिळालेल्या मुख्याध्यापकपदाचा हिशेब मात्र कुणीच केला नाही. सरकारच्या कोणत्याही भत्त्यात तो बसत नाही.

मुलाचं वेगळंच. पोरगा हुशार होता. बारावीनंतर स्वतःच्या गुणांवर इंजिनीअरिंगला लागला, गुणवत्ता यादीत नाव होतं. तरी पहिल्याच दिवशी वर्गात कुणीतरी म्हणालं, "तुझं काय, एका फोनवर झालं असेल." त्यानं चार वर्षं वडिलांचं नाव सांगायचं टाळलं. सुट्टीला आला की कार्यालयाच्या बाजूनं न येता मागच्या दारानं घरात शिरायचा. राजकारणातल्या घरांतली काही मुलं नावाचा गैरफायदा घेतात हे खरंच आहे, मी तीही पाहिली आहेत. पण ज्यांनी कधी घेतला नाही त्यांनाही तो शिक्का चुकत नाही.

म्हणून नेते जेव्हा "आम्ही त्याग केला" म्हणतात तेव्हा मी मनात विचारतो, कुणाचा? दुसऱ्याच्या वाट्याचं देऊन टाकण्याला आपण एरवी त्याग म्हणत नाही. आणि ज्या घरात त्याग फार मोजला जातो तिथं एक धोका असतो. एवढं सोसलं, मग थोडं मिळालं तर बिघडलं कुठं, असा विचार हळूहळू घर करतो. डिझेलच्या त्या टाकीमागेही तोच विचार होता, असं मला वाटतं. त्यापेक्षा कामाचा मोबदला घ्यावा, ताठ मानेनं घ्यावा आणि उपकाराची भाषा सोडावी.

वरच्या पगारावर सगळे तावातावानं बोलतात, खालच्या मानधनाकडे कुणाचं लक्ष नाही. 2019 मध्ये वाढ होऊन लहान गावाच्या सरपंचाला महिना 3,000 रुपये मिळू लागले. सप्टेंबर 2024 मध्ये मंत्रिमंडळानं ते दुप्पट केलं: दोन हजारांपर्यंत लोकसंख्या असेल तर 6,000, आठ हजारांपर्यंत 8,000 आणि त्यापुढे 10,000. उपसरपंचाला अनुक्रमे 2,000, 3,000 आणि 4,000. वाढ चांगली झाली. पण ज्या माणसाकडून पाण्याची योजना, घरकुलं, शाळेची खोली, स्मशानभूमीचा रस्ता, भांडणतंटे आणि ग्रामसभा हे सगळं अपेक्षित आहे, त्याला लहान गावात दिवसाला दोनशे रुपयेच पडतात.

2021 मध्ये एक सरपंचताई कार्यालयात आल्या होत्या. महिला राखीव जागेवर निवडून आलेल्या, शेतमजूर. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत, त्यातूनच त्या पुढे आल्या आणि मी त्यांचं काम पाहिलेलं होतं, चांगलं होतं. हातात कापडी पिशवी, पिशवीत प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेले कागद. मला वाटलं गावाचं निवेदन असेल. त्यांनी पिशवीतून बँकेचं पासबुक काढलं आणि माझ्यापुढे उघडून ठेवलं. सात महिन्यांचं मानधन आलेलं नव्हतं. "भाऊ, तालुक्याला मीटिंगला आलं की त्या दिवसाची अडीचशेची मजुरी जाते आन् एसटीचं भाडं वेगळं. महिन्यात सात-आठ खेपा होतात. आता घरातलेच म्हणाय लागले, कशाला झालीस?" मी दोन-तीन फोन केले. कुठं अडलं होतं ते प्रत्येकानं दुसऱ्यावर ढकललं. पैसे पुढे दोन महिन्यांनी आले.

मधल्या काळात त्यांना तालुक्याला ने-आण करायची सोय एका सदस्यानं केली, स्वतःच्या गाडीतून. तो गावातली कामं मेहुण्याच्या नावावर घ्यायचा. ग्रामपंचायतीच्या कामात हितसंबंध असेल तर ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 14 प्रमाणे सदस्यत्व जातं, म्हणून मेहुणा. वर्षभरात ताई त्याला विचारल्याशिवाय चेकवर सही करेनाशा झाल्या. कुणी धमकी दिली नव्हती. गाडीत रोज शेजारी बसणाऱ्या माणसाला नाही म्हणणं त्यांना जड जात होतं. गावात लोक म्हणायचे, बाई नावाला सरपंच, कारभार दुसराच करतो. त्यांचं मानधन वेळेवर आलं असतं, भाड्याची वेगळी सोय असती, तर त्या एसटीनं आल्या असत्या आणि स्वतःच्या मनानं सही केली असती, याची मला खात्री आहे. मला कुणी अधिकार दिला तर पहिला रुपया मी इथं वाढवीन.

पेन्शनबद्दल तुमचा राग मला समजतो. महाराष्ट्रात एकदाच आमदार झालेल्यालाही महिना 50,000 पेन्शन आहे आणि पाच वर्षांपुढच्या प्रत्येक वर्षाला 2,000 जास्त. माजी खासदाराला 31,000 आणि पाच वर्षांपुढे प्रत्येक वर्षाला 2,500. पंजाबनं 2022 मध्ये "एक आमदार, एक पेन्शन" असा कायदा केला. तोवर तिथं प्रत्येक कार्यकाळाला पेन्शन वाढत जायची. मी माझ्या पहिल्या साहेबांचं घर पेन्शनवर चाललेलं पाहिलं आहे. निवडणुकीसाठी चार एकर विकलेली, पराभव झालेला, अंगात धंद्याची ताकद उरलेली नाही. पेन्शन नसती तर त्यांनी कुणाच्या तरी दारात हात पसरला असता. तशीच पेन्शन कारखाने आणि शाळा-कॉलेजं असलेल्या माजी आमदारालाही मिळते, आणि तो ती घेतो. हे मला अन्यायाचं वाटतं. पेन्शन उत्पन्न बघून द्यावी, आणि पराभवानंतर काही महिन्यांचं वेतन एकरकमी द्यावं, म्हणजे माणसाला पुन्हा उभं राहायला वेळ मिळेल. ब्रिटनमध्ये पराभूत खासदाराला अशी रक्कम मिळते.

आणि पगार ठरवायचा कुणी? घटनेच्या 195 व्या कलमानं विधिमंडळाला आपल्या सदस्यांचं वेतन कायद्यानं ठरवण्याचा अधिकार दिला आहे, 106 व्या कलमानं संसदेला. म्हणजे घेणारे आणि ठरवणारे एकच. 2016 ची वाढ अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी चर्चेविना मंजूर झाली तेव्हा लोकांचा भडका उडाला, आणि तो रास्त होता. मागणी योग्य असेल तर ती भर सभागृहात, कारणं देऊन करायला लाज कसली? ब्रिटनमध्ये 2009 च्या खर्चघोटाळ्यानंतर स्वतंत्र संस्था नेमली गेली. खासदारांचा पगार आणि खर्च तीच ठरवते आणि खर्चाचे तपशील लोकांना बघायला मिळतात. अमेरिकेत काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, सदस्यांच्या पगारात केलेला बदल पुढची निवडणूक होईपर्यंत लागू होत नाही. ही घटनादुरुस्ती 1789 मध्ये मांडली गेली आणि 1992 मध्ये पक्की झाली. आपल्याकडे हे दोन्ही करता येईल. पगार वाढवा, कार्यालयासाठी पुरेशी माणसं सरकारी खर्चानं द्या, आणि त्याबरोबर भत्त्यांची बिलं लोकांसमोर ठेवा. आज टपालाचे 10,000 खरंच टपालाला लागले की नाही हे कुणी विचारत नाही. व्हॉट्सॲपच्या जमान्यात तेवढं टपाल कुठल्याच कार्यालयातून जात नाही, हे मी स्वतः पत्रं टाकत होतो म्हणून सांगतो.

आता तुमच्या भावाचं. जिल्हा परिषद सदस्याला जे मिळतं त्यावर घर चालत नाही, हे आधी पक्कं धरा. नोकरी खासगी असेल तर निवडणूक लढवायला ती सोडावी लागते असं नाही. सरकारी नोकरांना सोडावी लागते. मालकाशी बोलून कामाचे तास कमी करता येतात का, पगार कमी घेऊन का होईना नोकरी टिकते का, ते आधी बघावं. दरमहा येणारा स्वतःचा पैसा असणं हे सदस्यासाठी सगळ्यात मोठं संरक्षण आहे. अर्ज भरायच्या आधी बायकोशी बसून कागदावर लिहावं: पाच वर्षांत घरातून किती पैसे जाऊ देणार, आणि तो आकडा संपला की काय करणार. तिची नोकरी असेल तर ती सुटणार नाही हे त्याच कागदावर लिहावं. पहिल्या सभेत लोकांना स्पष्ट सांगावं की लग्नाला येईन, अहेर आणणार नाही. वर्गणी देणार नाही, पण तुमची फाइल कुठं अडली आहे ते दर आठवड्याला सांगेन. काही मतं जातील. मी असं सांगून निवडून आलेले दोन सदस्य पाहिले आहेत आणि असं सांगून पडलेले बरेच पाहिले आहेत, तेव्हा खोटा धीर देत नाही.

निवडून आला तर पंपावर खातं स्वतःच्या नावानं उघडावं आणि त्याची मर्यादा स्वतःच्या पगारापेक्षा जास्त ठेवू नये. मर्यादा संपली की त्या महिन्यात एसटी.

माझ्या वह्या अजून कपाटात आहेत. भावाला यायचं असेल तर 2017 ची वही त्याच्यासमोर ठेवीन, नावं झाकून, फक्त रकाने आणि बेरजा. त्याच्या बायकोलाही बरोबर आणायला सांगा.